बंड्याचा आवाज

नको, पाणी नको, बाई. मी शांतच आहे. भांडायला आलो आहे, पण शांतपणे — मुख्याध्यापक होतो, ओरडायची वेळ कधी आली नाही, दारात नुसतं उभं राहिलं की वर्ग गार. तर माझा मुलगा. नोकरी सोडून वर्ष झालं, खोलीबाहेर पडत नाही, त्याच्या आईने हातापाया पडून तुमच्याकडे धाडला, आणि समुपदेशन काय मिळालं? — व्हिडिओ गेम खेळ, मनाला बरं असतं. हे तुमचं पत्रक, बाहेरच्या टेबलावरचं. 'खेळाने चिंता कमी होते, एकाग्रता वाढते, एकटेपणा सरतो, मित्र जोडले जातात.' वा. आमच्या वेळी या सगळ्यावर एकच औषध होतं, त्याला काम म्हणत. उद्या छापाल, पत्ते पिसल्याने संधिवात जातो. काय? थोडाच वेळ खेळ म्हणालात? म्हणजे मात्रा चमच्याने सांगायची आणि बाटली रोग्याच्या हाती द्यायची.

न पाहता बोलतो? नाही हं. वाचल्याशिवाय शेरा मारायची सवय नाही मला. चहाचा कप ठेवायच्या निमित्ताने आत गेलो, पडद्यावरचं त्याचं नाव पाहून ठेवलं — 'सुस्त घुबड', पोटच्या पोराने आपणहून घेतलेलं नाव — शेजारच्या मुलीकडून माझ्या फोनवर तोच खेळ घालून घेतला आणि त्याच्या किल्ल्यावर चाकरीला लागलो. हो, किल्ला असतो. दोघांनी मिळून राखायचा. चारी बाजूंनी राक्षस येतात, दगड लोटायचे, उकळतं तेल ओतायचं, उसंत मिळाली की एकमेकांना लिहायचं. मी बंड्या. आई हाक मारायची तशी; ते नाव ठाऊक असलेलं आता कोणी हयात नाही. तपासणी म्हणून गेलो होतो, बाई, चार दिवस, पुरावा गोळा करायला. — आता किती महिने झाले? तो मुद्दा नाही.

हसा, हसा. पोरांच्या अर्धवट वाक्यांखाली लाल रेघा ओढण्यात हयात गेली माझी, आणि मी लिहितो — 'आलो रे', 'मेलास', 'गाढवा मागे बघ'. नीट वाक्य लिहिलं तर ओळखेल ना. तो मला लेका म्हणतो. 'लेका बंड्या, तुला तेलसुद्धा ओतता येत नाही.' आणि मी चुकलो — फार चुकतो मी — की समजावून सांगतो, न चिडता, पुन्हा पुन्हा. त्याच्यापाशी एवढा धीर आहे हे मला कुठे माहीत होतं? कधी भिंतीपलीकडून त्याचं हसणं ऐकू येतं, माझ्याच विनोदावर. मी इकडे सज्जात, तोंडात रुमाल कोंबून. हिला वाटतं मी तिथे श्वासाचे व्यायाम करतो. रक्तदाब उतरलाय, तर शेजारीपाजारी त्या व्यायामाची थोरवी गात फिरते.

आणि तो बोलतो. माझ्याशी नव्हे, बंड्याशी. 'आमच्या घरी वडील नाहीत, हेडसर राहतात.' यावर काय लिहायचं, सांगा? मी लिहिलं, 'आमच्याकडेपण तेच.' मग एकदा त्याने लिहिलं, सकाळी डोळे उघडूच नयेत असं वाटतं. — पेन खाली ठेवा, बाई. हे टिपून घ्यायला सांगत नाही. — तुम्हाला बोललाय का तो हे? नाही? मग विचारा. माझं नाव न घेता, पण विचारा, आजच. हेडसरांनी पानभर उपदेश केला असता; मला ठाऊक आहे, कारण तो माझ्या डोक्यात मुद्द्यांसकट तयार होता. बंड्याने लिहिलं, 'उद्या उघड रे बाबा, मला एकट्याला किल्ला राखता येत नाही.' दुसऱ्या दिवशी आला. माझ्या आधी आला.

तर काम असं आहे. आता त्याने धरलंय — 'लिहीत काय बसायचं, बंड्या, माइक लाव, बोलू.' मी म्हटलं, बिघडलाय. तर म्हणतो, माझ्याकडचा जुना पाठवतो, पत्ता दे. काय पत्ता देऊ, बाई? शेजारची खोली? हा आवाज कानी पडला की त्याची पाठ ताठ होते, अजूनही, जेवताना वाटी मागितली तरी. म्हणून तुम्ही सांगा त्याला. तुमचं ऐकतो. लिहिणं मनाला हितकर, बोलणं अपायकारक — पत्रकात छापा हवं तर, एवढं छापलंत त्यात आणखी एक ओळ.

काय म्हणालात? घरातच बोला त्याच्याशी? अहो, घरात मी विचारतो, जेवलास का? तो म्हणतो, हो. झालं, उभयपक्षी विषय संपला. आणि बंड्या मी आहे हे कळलं, की बंड्या गेला. मागे त्याला कोण उरतं? मी. असा सौदा शहाण्या माणसाने करावा?

थांबा, वाजला फोन. हा पाहा — 'कुठे मेलास बंड्या, माइक मिळाला का.' सांगा, पटकन सांगा काहीतरी — लहानसं, अर्धवट, बंड्याला शोभेल असं. खोटं असलं तरी चालेल. — नाही सुचत? मग ही भिंतीवरची पदवी कशाची, बाई? राहू द्या. येतो मी. तिकडे किल्ल्यावर तो एकटा आहे.