पेटीतले तीनशे मीटर

भीमराज : ...आणि पेटीत जी वायर उरलीय, ती कापू का राहू देऊ? निस्तं वेटोळं पडलंय. उंदरं कुरतडायची उगाच.

सम्यक : पप्पा, मी ऑफिसात आहे ना! राजस्थानातून फोन करून वायरीचं काय विचारताय? आणि असून असून उरली असेल किती? दहा-वीस मीटर?

भीमराज : दहा-वीस? आरं, तीनशे! वायरीवरच आकडे छापलेत.

दिपाली : सम्यक, एक मिनिट. स्पीकरवर टाक. काका, मी दिपाली, सम्यकची सीनियर. कुठली वायर म्हणताय? जुन्या तेलविहिरीत सोडलेली, काचेची?

भीमराज : तीच की मॅडम. शेजारच्या विहिरीत तेलासाठी पंपानं पाणी मारून खडक फोडला, की भेग कुठवर गेली ते तुमाला तिथं विक्रोळीत कळतं, ती.

दिपाली : सम्यक, भेगेची खोली काढताना हे तीनशे मीटर वजा केलेस ना?

सम्यक : मी... मी वायर पेटीपासूनच मोजली. मला वाटलं, पेटी आणि विहीर, मध्ये दोन पावलं तर आहेत.

दिपाली : अरे देवा! म्हणजे स्क्रीनवर जी भेग पंधराशे मीटर खोल दिसतेय...

सम्यक : ती बाराशेवर आलीय. आई शप्पथ.

दिपाली : बाराशेवर त्या जुन्या विहिरीचा पाइप कुजलाय, सम्यक! भेग तिथवर जाऊ नये म्हणून तर सकाळपासून डोळे फाडून बसलोय आपण! आणि मी पंपवाल्यांना सांगतेय, बिनधास्त मारा पाणी, अजून खूप लांब आहे!

सम्यक : वाट लागली. मॅडम, वाट लागली.

दिपाली : थांब, मी पंपावर धवलला लावते. काका, विहिरीच्या तोंडावर प्रेशरचा काटा आहे ना? बघा जरा, कुठे आहे.

भीमराज : सकाळी शून्यावर व्हता. आता चढतोय हळूहळू. मला वाटलं, उन्हानं.

सम्यक : पप्पा, तुम्ही आत्ता कुठे आहात?

भीमराज : इथंच, विहिरीच्या कट्ट्यावर. सावली हाय ना जरा. चौघं जण डबे खातोय.

सम्यक : उठा! डबे तिथंच टाका आणि पळा!

भीमराज : आरं, पण झालं काय?

सम्यक : तुमच्या पायाखालून पाणी वर येतंय! पळा ना पप्पा!

दिपाली : हॅलो, धवल? पंप बंद कर. नाही, मेल-बिल नंतर. आत्ताच्या आत्ता बंद कर, वर माणसं आहेत!

भीमराज : लहू, ऊठ! ए पोरांनो, पळा...

(फोनमधून जोराचा फुत्कार. लाइन तुटते.)

सम्यक : बावीस वेळा लावला. लागतच नाही. मॅडम, ही नोकरी मीच लावून दिली त्यांना. दहिसरला गोडाउनवर वॉचमन होते, चांगले होते. मीच म्हटलं, आमच्या साइटवर चला.

दिपाली : धवल म्हणतोय, पंप बंद झालाय. पण तोवर विहिरीचं झाकण उडालं. माणसं मोजतायत.

सम्यक : मोजतायत म्हणजे?

दिपाली : तुझा फोन वाजतोय बघ. उचल.

भीमराज : सम्यक? लहूच्या फोनवरनं बोलतोय. माझा तिथंच ऱ्हायला.

सम्यक : पप्पा! लागलं का हो?

भीमराज : गुडघा फुटलाय. बाकी तिघं धड हायेत. कट्टा गेला रं सगळा. बसलो व्हतो तिथं खड्डा हाय नुसता.

सम्यक : पप्पा, माझ्यामुळे...

भीमराज : गप. ऐक आधी. साहेबलोक इचारतायत, चुकलं कुणाचं. मी सांगून टाकलं, वेटोळ्याचं सांगायला मीच इसरलो. माझं काय, दोन वर्सांनी घरीच बसायचंय. तू तोंड उघडू नको.

दिपाली : सम्यक, स्पीकर चालू आहे.

सम्यक : माहितीये, मॅडम. पप्पा, फोन साहेबांकडे द्या.