दामाजीच्या बोर्डावर कोण कोण

नाही पेंटर, काही सुटलं नाही — कागदावर बायकांची नावं नाहीतच. म्हणजे घरच्या मुली आहेत, आमची आवडाआत्या बघा तिसऱ्या ओळीत — पण लग्न होऊन आलेल्या नाहीत, जावई पण नाहीत. दामाजी आमचा मूळपुरुष, त्याचं रक्त तेवढंच घ्यायचं. आमच्या कोपर गावात बिल्डिंगी उठल्या, पोरांना चुलता कोण नि परका कोण ते कळेना, म्हणून देवळात वंशावळीचा बोर्ड लावायचं ठरलं. आणि हा नियम — कोणी केला म्हणता? मीच केलेला. हा काळुराम बोलला की गाव ऐकतं.

खरं सांगू? माझ्या धाकट्या भावानं, भिवानं, खाडीवरच्या कोळ्यांची जया केलेली, ब्याऐंशी साली. दहा-अकरा वर्षं झाली. तिचं नाव आमच्या वाडवडलांखाली नको, एवढंच होतं माझ्या मनात — आता तिला एकटीला कसं गाळणार, म्हणून सगळ्याच गाळल्या. त्यात माझी बायको तुळसा पण गळाली. आणि ही नावं सांगितली कोणी? तिनंच. मला माझ्या आजाच्या भावाचं नाव येत नव्हतं, तिला चार पिढ्या तोंडपाठ — कोण कोणाचा, कोण पाळण्यातच गेलं. ती सांगायची, मी लिहायचो. तिला अक्षरओळख नव्हती ना.

गेल्या शिमग्याला ती अंथरुणाला खिळलेली. म्हणाली, कागद आना, माजा नाव कुठं हाय ता दाखवा. तिचा हात धरला नि बोट आवडाआत्यावर ठेवलं. म्हटलं, ही बघ तू. कितीतरी वेळ त्याच्यावर बोट फिरवत होती — म्हणाली, बरा झाला, मना वाटलेला तुमी इसरलाव. तिसऱ्या दिवशी गेली.

नाही, आता नाही घालता येत. तिला घातली तर बाकीच्या त्रेचाळीस जणींना कुठं ठेवू, आणि जयाला कुठल्या तोंडानं सांगू की तुझं नाव नाही — तुळसाचं शेवटचे दोन महिने हागणंमुतणं तिनंच काढलं, पेंटर. त्या दिवशी पण उशाशी तीच होती, पेज भरवत. जया सातवी शिकलेली आहे. बोट कुठं ठेवलं ते तिनं वाचलं. माझ्याकडं एकदा बघितलं, नि तुळसाला म्हणाली, हो जाऊबाई, तुमचाच हाय.

लिहा तुम्ही. कागदावर आहे तसंच लिहा. मी जरा बाहेर बसतो.