वाळवीचं घर आणि माझी बुक्की

घर घेतोयस म्हणतोस, तर आमच्या सोलापूरच्या पहिल्या घराचं ऐक. सल्ला म्हणून नको, हसायला म्हणून ऐक.

गिरणीत कारकुनी लागली आणि मला घरमालक व्हायची घाई झाली. माळवदाचं, म्हणजे लाकडी खांबांवर मातीचं सपाट छत असलेलं, एक घर सापडलं. मालकानं आपण होऊन सांगितलं, "पूर्वी वाळवी लागली होती. औषध घातलंय, तरी सुताराला एकदा दाखवून घ्या."

मी म्हटलं, "सुतार कशाला? लाकडातलं मला कळतं." मग छत्रीच्या मुठीनं सगळे खांब ठोकून पाहिले.

बायको म्हणाली, "अहो, पोकळ वाजतंय की!"

"जुनं सागवान असंच घुमतं," असं ठणकावून मी घर घेतलं.

वास्तुशांतीला मंगळवेढ्याहून सासरे आले. ते शेतकरी गडी. त्यांच्या लेखी मी नुसता खुर्चीतला जावई. म्हणून पंगत बसायच्या आधीच त्यांना मधल्या खांबापाशी नेलं. "मामा, लाकूड बघा, लोखंड आहे लोखंड!" म्हणत दणकून बुक्की मारली. रंगाचा पापुद्रा फुटला आणि माझा हात मनगटापर्यंत आत गेला. माळवदाची माती सासऱ्यांच्या फेट्यावर गळायला लागली. शरमेनं मी हात ओढणार, तोच ते ओरडले, "जावईबापू, हात काढू नका!"

"अहो मामा, दुखतंय!"

"दुखू द्या. आता घर तुमच्याच आधारावर उभं हाय."