स्टेजवरची होडी आणि डॉक्टरीणबाईंची खुर्ची

आमचं घर ठाण्याच्या कोळीवाड्यातलं, पार खाडीला लागून, म्हणजे मोठ्या भरतीला पाणी ओट्याच्या पायरीला यायचं आणि आमची आय त्याला बोलायची, आलीस गं बाय, बस जरा. असं आमचं पाण्याशी होतं. बाबूस खाडीत जाळं टाकायचा, त्याचा बाबूसपण तेच करायचा, आणि मी चालायला आधी शिकलो का वल्हं मारायला ते आयलापण सांगता यायचं नाय. काय सांगू तुम्हाला ताई, खाडीत तेव्हा मासळी होती, बोईट, कोलंबी, निवट्या, चिंबोऱ्या तर अशा की टोपलीत हात घालायला माणूस विचार करायचा. माझ्या पाठीवर एक भाऊ, नामा. भारी बडबड्या. मी वल्हं मारायचो आणि तो पुढं बसून गाणी म्हणायचा, अरे गप बस, मासळी पळंल, असं बोल्लो की अजून जोरात म्हणायचा.

तो नामा गेला. ऐंशीच्या नंतरची गोष्ट, साल आता आठवत नाय, पण माझं नवीन लग्न झालेलं. वारा फिरला, होडी उलटली, मी उलट्या होडीला धरून राहिलो आणि नामा काय दिसला नाय. दुसऱ्या दिवशी मुंब्र्याच्या अंगाला सापडला. तेवढंच सांगतो, पुढचं नको.

त्यानंतर मी पाण्याला पाठ केली. म्हणजे खरीच पाठ, ओट्यावर बसायचो तर भिंतीकडं तोंड करून. आंघोळीला डोक्यावर तांब्या घेतला की श्वास अडकायचा. कोळ्याचा पोर आणि पाण्याला भ्यायला, लोक तोंडावर बोलत नव्हते पण कळायचं ना. डोंबिवलीच्या मानपाड्याला रंगाच्या कारखान्यात पिंपं हलवायच्या कामाला लागलो, आणि जाताना लोकल गाडी कळव्याच्या आधी खाडीवर आली की डोळे मिटून घ्यायचो, शेजारच्याला वाटायचं देवाचं नाव घेतोय. घरात आय रोज जेवताना नामाचं ताट वाढायची. कोण तिला काय बोलणार? आम्ही त्या ताटासमोर बसून जेवायचो. रडलो मात्र कोणीच नाय. उतारे झाले, अंगारे झाले, नवस झाले, मी तसाच.

माझी बायको हिरा, तिचा भाऊ कल्याणला राहायचा. तो एकदा खेळाचे पास घेऊन आला, हिप्नॉटिझमचा खेळ, एक प्रोफेसर माणसांना झोपवतो आणि पाहिजे ते करायला लावतो. दाजींना जरा बाहेर काढू, हसतील तरी, असं तो बोल्ला. गेलो. हॉल भरलेला, बाजा वाजतोय, प्रोफेसरचा कोट असा चमकतोय की नजर ठरत नाय. त्यानं सगळ्यांना हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकवायला लावली आणि बोल्ला, आता सुटणार नाहीत. पुष्कळांची सुटली, माझी सुटेनात. अशांना त्यानं वर बोलावलं, वर नेऊन परत पारखलं, जे लगेच मान टाकतात ते ठेवले, बाकीच्यांना खाली धाडलं. आता कळतं, तो माणसं निवडत होता. तेव्हा वाटलं काय ताकद आहे बुवा याच्यात.

एकाला त्यानं कोंबडा केला, एकाला कांदा सफरचंद सांगून खायला दिला. लोक लोटपोट. मग माझ्याकडं आला. तुम्ही काय करता, विचारलं, मी बोल्लो कोळी. तो बोल्ला, मग काय, चला, तुम्ही होडीत बसलात, वल्हं मारा! आणि ताई, मी मारायला लागलो. खरंच मारायला लागलो, त्या लाकडी खुर्चीवर, जोरात, मजेत, काय भीती नाय काय नाय. मला सगळं ऐकू येत होतं बरं का, लोक हसतायत तेपण, पण थांबावंसंच वाटेना. मग तो बोल्ला, आता वादळ आलं!

मी ओरडलो. नामा, होडी धर, नामा, होडी धर. लोक अजून हसले, त्यांना वाटलं काय झकास करतोय. प्रोफेसर मात्र हसला नाय. त्यानं माइकवर हात दाबला, माझ्या कानाशी आला आणि हळूच बोल्ला, वादळ गेलं, तुम्ही किनाऱ्याला आहात, पाय जमिनीवर आहेत. मला जागं केलं, पाणी दिलं, स्वतः हाताला धरून खाली हिराजवळ आणून बसवलं.

खेळ सुटल्यावर हिरा थेट पडद्यामागं गेली, मी तिच्या मागून. तो तोंडावरचा रंग पुसत होता. हिरा बोलली, तुम्ही यांना होडीत बसवलंत, इतक्या वर्षांत पहिल्यांदा बसले, आता असंच खऱ्या होडीत बसवा, तुमचे पाय धरते. तो उठून उभा राहिला. वहिनी, असं नका करू, मी खेळ करणारा माणूस, माझं काम टाळ्यांपर्यंतचं. ते खुर्चीवर बसलेले, होडीत नाही. उद्या सकाळी खाडीवर मी नसणार. आणि मी विचारायला पाहिजे होतं, न विचारता वादळ आणलं, माफ करा. मग त्यानंच सांगितलं, डोंबिवलीला एक डॉक्टरीणबाई आहेत, त्या हेच वापरतात पण उपचारासाठी, त्यांच्याकडं जा.

जायला मी तयार नव्हतो. परत कोण वादळ दाखवणार असंल तर नको. पण हिरा ऐकते होय? नेलंच.

बाईंची खोली साधी, एक टेबल, एक वेताची खुर्ची, खिडकीला पडदा. मला वाटलं आता बोलणार झोप. तर त्या बोलल्या, आज नुसतं बोलू या, तुम्हाला काय होतं ते तुमच्या शब्दांत सांगा. पहिले काही दिवस नुसतं बोलणं. झोप लागत नव्हती त्याची गोळी दिली. मी विचारलं, बाई, ते झोपवायचं कधी? त्या हसल्या. झोप नाही हो दामूभाऊ, तुम्हाला सगळं ऐकू येईल, खालच्या रिक्षापण ऐकू येतील, नको वाटलं तर डोळे उघडायचे आणि घरी जायचं, मला विचारायचंही नाही.

मग सुरू केलं. हळू बोलायच्या, अगदी आय लहानपणी निजवताना बोलायची तसं. पाण्यावर नेलंच नाय मला. आधी मनातल्या मनात आमच्या ओट्यावर बसवलं. मग तोंड फिरवून खाडी बघायची, लांबून. छाती धडधडली की परत ओट्यावर. परत फिरायला परवानगी होती ना, म्हणून पुढं जायची हिंमत यायची. ते स्टेजवर नव्हतं. तिथं सगळा हॉल मला ढकलत होता, इथं बाई माझ्यासाठी थांबायच्या.

एक दिवस मीच बोल्लो, बाई, मी होडीत बसलोय. त्यांनी विचारलं, अजून कोण आहे? मी बोल्लो, नामा. त्याच्याशी बोलायचंय? आणि मी बोल्लो, नामा, आय अजून तुझं ताट वाढते रे. आणि जे रडू आलं ताई, ते थांबेना. बाईंनी थांबवलंपण नाय. खाली कोण भाजीवाला ओरडत होता, तो ऐकू येत होता आणि मी रडत होतो.

घरी जाऊन आयला सांगितलं, नामाशी बोल्लो, रडलो. ती भिंतीला टेकून बसली, पदर तोंडात धरला, मग बोलली, चल. ते ताट आम्ही दोघांनी खाडीत सोडलं. मी घोट्याभर चिखलात उभा होतो, हे मला नंतर हिरानं सांगितलं, माझ्या ध्यानातच नव्हतं.

मग काय, लगेच होडी नाय चालवली. बांधलेल्या होडीत बसायचो, उतरायचो, परत बसायचो, हिरा काठावर टोपली घेऊन बसून असायची. हळूहळू भीती सुटली, परत खाडीत जाळं टाकायला लागलो. डॉक्टरीणबाईंना पहिली कोलंबी नेऊन दिली तर त्या शाकाहारी! शेजारणीला दिली, पण मला चहा पाजला.

नव्वदनंतर खाडीचं पाणी बिघडलं, मासळी गेली. माझ्या पोरांनी नोकऱ्या धरल्या, मी काय बोलणार? आय गेली. प्रोफेसर परत दिसला नाय, असंल तिथं सुखी असो, मी त्याच्यावर राग नाय धरला, त्यानं थांबवलं आणि पुढची वाट दाखवली. आता गुडघे दुखतात, तरी नारळी पुनवेला नातीला घेऊन होडी काढतो, ती पुढं बसून मोबाईलवर गाणी लावते आणि मी तिला गप बस बोलत नाय. भीती कोणाला चुकली नाय ताई. पण ती ज्याला सांगावी असं एखादं माणूस तुम्हाला भेटो, सगळ्यांना भेटो. खाडीमाय बघून घेईल.