मोजून चार चमचे

मी होमसायन्स शिकलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे तुम्हाला हसायला सोपं जाईल. आमच्या कारध्या गावात पोह्याची गाडी लावणाऱ्या सुमनबाईंची मुलगी रोज तर्री-पोहाच, म्हणजे चण्याचा झणझणीत रस्सा घातलेले पोहे, खायची. मी एकदा त्यांना ऐकवलंच, "पोह्यात लोह असतं, चण्यात प्रथिनं, पण ही तेलकट तर्री लेकराला बरी नाही. माझ्या ईशानला मी मोजून चार चमचेच पोहे देते, तेही बिनतर्रीचे."

"तुमी शिकलेल्या बाई," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात अंगणवाडीत दोन्ही लेकरांचं वजन झालं. त्यांची मुलगी बरोबर भरली, ईशान कमी. सेविका म्हणाली, "ताई, याले घरी जेवू घालता ना?" सगळ्या बाया हसल्या. एकट्या सुमनबाई हसल्या नाहीत.

परतताना त्यांनी आम्हाला गाडीवर थांबवलं आणि तर्री घातलेली प्लेट ईशानच्या हातात दिली. "खा बाबू, पोटभर खा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आई, किती चमचे?"

"सगळं खा रे," मी म्हणाले.

त्यानं चार चमचे खाल्ले आणि प्लेट माझ्यापुढे धरली. "झालं."