रेस रंगात आणि कॉम्प्युटर बंद

हसा खुशाल, पण बहात्तराव्या वर्षी कॉम्प्युटरवर गाड्यांची रेस मीच खेळते. हल्ली रेस ऐन रंगात आली की तो तापून बंद पडायचा. नवं ग्राफिक्स कार्ड पेन्शनीत बसेना, म्हणून जुईनगरच्या दुकानातून वापरलेलं आणलं आणि व्हिडिओ बघून स्वतः बसवलं. तरी तेच. तावातावाने कॉम्प्युटरचा डबा उचलून त्याच दुकानात नेला.

"भंगार कार्ड दिलंस मला."

दुकानदाराने डबा उघडून आत टॉर्च मारला. "आजी, कार्ड मस्त आहे. प्रोसेसरच्या पंख्यात तांदूळ अडकलेत."

मी हादरलेच. "अरे देवा, सोसायटीतले उंदीर आत शिरले?"

त्याने एक दाणा माझ्या तळहातावर ठेवला. "उंदीर तांदळाला कुंकू लावतात का, आजी?"

दर दसऱ्याला त्या डब्यावर मूठभर अक्षता मीच वाहते.