आप्पांच्या जागी हिरो

ओळखीच्या चेहऱ्यावरच पैसा लागतो, हे मी माझ्याच पिक्चरला बघितलं. त्यातल्या मेंढपाळाच्या कामाला मी कासुर्डीच्या आप्पांना घेतलेलं. त्यांचा जन्म मेंढरामागं गेलेला. पण प्रोड्युसर म्हणाला, "सिरीयलमधला हिरो घे. नाहीतर मी पैसे घालणार नाही, आणि थेटरंही मिळणार नाहीत."

मी खाली मान घालून आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "घ्या त्यांना. मेंढरं तेवढी माझी न्या."

शूटिंगला मेंढरं हिरोच्या हाकेला हलंनात. शेवटी आप्पाच कॅमेऱ्यामागं उभे राहून हाका मारायला लागले, तवा कुठं ती निघाली.

पिक्चर दौंडला लागला. आप्पा माझ्या शेजारी बसलेले. पडद्यावर हिरोनं हाक मारली, आन् सगळा कळप आमच्याकडं तोंड करून चालत आला.

आप्पा हळूच म्हणाले, "माझ्याकडंच बघत्यात रं."